दोन लाल काड्या

सोभान शालबाफानं आंधळं व्हायचं ठरवलं ते वसंतात, आणि चिनारांची पानं तांबडी व्हायला लागली तोवर तो बऱ्यापैकी आंधळा झालाही होता.

वाटतं तितकं हे काम सोपं नाही. सकाळी उठून एकदम ‘दिसेना’ म्हणून बोंब ठोकली तर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. म्हणून त्यानं आधी मिठाच्या चहाचा पेला कलंडवला. पुढे केव्हातरी हिरवं सूत गुंडाळलेली विणायची काडी हवी असताना निळी उचलली. मग उंबऱ्याला ठेच लागायला लागली. शिवाय आंधळेपणाचे धडे त्याला घरातच मिळाले होते. त्याचा बाप ऐन उमेदीत मागावर डोळे घालवून बसला होता. बाप बोलणाऱ्याकडे तोंड करायचा नाही, कान करायचा. पेला घ्यायच्या आधी बोटं पसरून सतरंजी चाचपायचा. आणि हसायचा तेव्हा त्याचं तोंड हसायचं, डोळे नाही. हे शेवटचं जमायला सोभानला अख्खा उन्हाळा लागला.

आता कुणी म्हणेल, धडधाकट माणसाला ही अवदसा आठवली कशाला? तर त्या काळी श्रीनगरातल्या शालबाफाला, म्हणजे शाल विणणाऱ्याला, माग सोडायची मुभा नव्हती. मेला तर सुटला, आंधळा झाला तर सुटला, तिसरी वाट नव्हती. डोंगर ओलांडून पंजाबात पळू बघणाऱ्यांना घाटातल्या नाक्यावरून दोरीला बांधून परत आणत. आंधळ्याच्या तळहातावर मात्र सरकारी शाल-कचेरीचा दरोगा शिक्का मारायचा, शालीच्या कोपऱ्यावर मारायचा तोच, आणि मग त्याला कुणी अडवत नसे. निरुपयोगी माणसाला सरकारी तांदूळ कोण देत बसणार? तो गेलेलाच बरा.

आणि सोभानला आता दिव्याभोवती कडं दिसायला लागलं होतं. बापानं सांगितलेलं त्याला पाठ होतं. आधी दिव्याभोवती कडं येतं, मग संध्याकाळी सूत हललेलं दिसतं, मग दिवसा. म्हणजे मागावर अजून एखाद-दोन हिवाळे, की संपलं. फाजीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ अमृतसरला लोकर रंगवायचा. तिथं उजेडात, उघड्यावर, मोठमोठ्या कढयांशी काम होतं. डोळे वाचवायचे असतील तर आधी आंधळं व्हायला हवं, असा हा विचित्र हिशेब होता. तो सोभान आणि फाजीखेरीज कुणाला ठाऊक नव्हता.

रोज सकाळी दार लावून फाजी सुई घेऊन बसायची आणि त्याच्या बुबुळापाशी न्यायची.

“पापणी हलली.”

“हलणार नाही तर काय. सुई आहे ती.”

“मग दरोगा काय मोरपीस आणणार आहे? परत.”

परत. आणि परत. तिनं सुई कधी लांब धरली नाही, पण ती खाली ठेवल्यावर बराच वेळ चुलीतली राख उकरत बसायची.

कारखान्यात सोभानच्या शेजारी, त्याच मागाच्या फळीवर, लसा बसायचा. आधीची चार मुलं गेल्यावर हा झाला, म्हणून आईनं नाव लसा ठेवलं, म्हणजे जग रे बाबा. सोभाननंच त्याला काड्या धरायला शिकवलं होतं, म्हणून तो त्याला लाला, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. आता लसाच्या ओठावर चांगली मिशी होती आणि घरी पाळण्यात नुकतं जन्मलेलं मूल होतं. सोभानचे डोळे चालले म्हटल्यावर लसानं काही न बोलता त्याच्या वाटणीचं विणकामही अंगावर घेतलं. दुपारी रोटी मोडून त्याच्या हातात द्यायचा, चहा निवला का ते बोट बुडवून बघायचा. संध्याकाळी हात धरून जिना उतरवायचा आणि खाली नदीच्या घाटावर आल्यावर न चुकता म्हणायचा, “लाला, पायरी.”

सोभानला हे सगळ्यात जड जायचं. दरोग्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला त्याला काही वाटत नव्हतं. कारखानदार ख्वाजा सनाउल्लाच्या डोळ्यांत तर मूठभर जास्तच फेकली असती. पण लसा रोटी मोडून द्यायचा तेव्हा ती त्याच्या हातातच राहायची. सांगून टाकावं असं कितीदा ओठांवर आलं. पण लसा भोळा होता आणि भोळ्या माणसाच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, असं म्हणून तो गप्प बसायचा.

मागावर होती ती शाल दोन हिवाळे पाहून झाली होती. लडाखच्या वरच्या पठारावरून आलेली, बकरीच्या पोटाखालची लव. बायकांनी ती घरोघर चरख्यावर कातली होती, इतकी बारीक की श्वास जोरात सोडला तर तुटेल. त्यावर कोयऱ्यांची रांग. एकेका कोयरीत शंभर ठिकाणी रंग बदलायचा आणि प्रत्येक रंगाची आपली वेगळी काडी. महद उस्ताद नक्षीचा कागद पुढ्यात घेऊन गायल्यासारखं सांगत जायचा, आणि विणणारे त्याला हुंकार देत सूत घालत जायचे. गंमत म्हणजे विणणाऱ्यांसमोर असते ती शालीची उलटी बाजू. सुलटी खाली, जमिनीकडे. दोन हिवाळे त्या शालीवर डोळे ओतूनही सोभाननं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. कुठल्या तरी फिरंगी बाईच्या खांद्यावर ती जाणार आणि ती बाई घोडागाडीतून उतरताना तिचा पदर चिखलात लोळवणार, हे त्याला माहीत होतं. तरी शालीवर त्याचा जीव होता. आंधळा झाल्यापासून तो उगाच तिच्या काठावरून हात फिरवत बसायचा. ते मात्र सोंग नव्हतं.

बर्फानं डोंगरातला घाट बंद व्हायच्या आत तो ओलांडायला हवा होता. फाजीनं तांब्याची भांडी शेजारणीला देऊन टाकली, अंथरुणाची वळकटी बांधली. आणि ठरल्या दिवशी दरोगा कारखान्यात आला.

दरोगा हा पोटानं मोठा आणि कामानं आळशी माणूस. आल्या आल्या त्यानं केशराचा काहवा मागवला, शिरमाळ, म्हणजे गोडसर रोटी, मागवली, आणि मग खात खात सोभानला समोर बोलावलं. जळती काडी डोळ्यांसमोरून फिरवली. सुई आणली. सोभाननं बापाला आठवलं आणि कान पुढे केला. पापणी हलली नाही.

“चालत ये इकडे,” दरोगा म्हणाला, आणि बोलता बोलता स्वतःची पेटती कांगडी त्यानं पायानं त्याच्या वाटेत सरकवली.

सोभानला ती दिसली. वेताच्या टोपलीतलं मडकं, आत लालभडक निखारे. पाय बाजूला टाकला की सगळं संपलं. तो सरळ चालत गेला. मडकं कलंडलं, निखारे पावलावर पडले आणि तो किंचाळून खाली बसला. ते किंचाळणंही सोंग नव्हतं. कुणी हलायच्या आत लसा मागावरून उडी टाकून आला आणि नुसत्या हातांनी त्यानं निखारे झटकले.

“आंधळ्याशी असं वागतात का हो दरोगासाहेब?” तो म्हणाला. त्याच्या बोटांवर फोड टरारले होते.

“आंधळा आहे खरा,” दरोगा शिरमाळीचा तुकडा मोडत म्हणाला. “आणा शिक्का.”

“थांबा जरा,” ख्वाजा म्हणाला.

ख्वाजा सनाउल्ला कधी आवाज चढवायचा नाही. हातात जपमाळ, तोंडात ‘बेटा’, आणि नजर अशी की माणसाच्या अंगावरच्या घोळदार फेरनच्या आत काय आहे तेही मोजून घेईल. त्याचा बाप शालबाफ होता, म्हणून तो शालबाफांना दरोग्यापेक्षा चांगला ओळखत होता.

“पायाचं काय एवढं. पाय बरा होतो. सुटकेसाठी कुणीही पाय भाजून घेईल,” तो म्हणाला. “सोभान बेटा, आजचा दिवस बस मागापाशी. कारखान्याचा निरोप घे. संध्याकाळी शिक्का मारू.”

पायाला चिंधी बांधून सोभान मागासमोर भिंतीला टेकून बसला. दुपारच्या नमाजाला सगळे खाली गेले. तो एकटाच राहिला, आणि मग जिन्यावर आवाज न करता, लोकरी मोज्यांतल्या पायांनी, ख्वाजा वर आला.

त्यानं आधी सोभानच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. सोभान खिडकीकडे कान करून बसला. ख्वाजा मागाशी वाकला. कोयरीच्या पोटात किरमिजी लाल भरायचा होता आणि तिच्या कडेनं मंजिष्ठेच्या मुळांचा लाल. सावलीत हे दोन्ही लाल सख्ख्या भावांसारखे दिसतात. उजेडात मात्र एक निळ्याकडे झुकतो, दुसरा पिवळ्याकडे, आणि शाल नदीत धुतली की फरक गावभर ओरडत सुटतो. ख्वाजानं त्या दोन काड्या उचलून एकमेकींच्या जागी ठेवल्या. पुन्हा एकदा सोभानकडे पाहिलं आणि तो आला तसा गेला.

सोभाननं काड्या बदलताना पाहिल्या होत्या. त्याला सगळं कळलं होतं. बोललो तर डोळे आहेत हे सिद्ध, आणि सोंगाची शिक्षा फटक्यांनी संपत नाही. न बोललो तर लसा चूक विणणार, आणि तीही दरोग्याच्या नाकासमोर. सदोष शालीला कचेरीचा एकच उपाय होता. विणणारा दिवसा मागावर, रात्री नदीकाठच्या कोठडीत. तिथं जमिनीला पाणी पाझरायचं आणि कांगडी आत न्यायला बंदी होती. मागच्या थंडीत कादिर नावाचा गडी तिथं राहिला होता. वसंतापर्यंत खोकत खोकत विणत राहिला आणि बदाम फुलले तेव्हा गेला.

लसाला दिसेल, सोभान स्वतःला म्हणाला. मीच शिकवलाय त्याला. दिसेल.

दुपारचं काम सुरू झालं. ख्वाजा आणि दरोगा समोरच गालिच्यावर लोडाला टेकून बसले. महद उस्तादानं सूर धरला.

“दोन पांढरी, एक बदामी. मंजिष्ठी एक. किरमिजी तीन.”

“घातली,” लसा म्हणाला.

त्याचा हात सवयीनं नेहमीच्या जागी गेला आणि किरमिजीच्या जागी मंजिष्ठी लाल कोयरीच्या पोटात उतरला. सोभानला तो घुसताना दिसला. दुसऱ्या ओळीला लसाचा हात क्षणभर थबकला. त्यानं फोड आलेल्या बोटांवर फुंकर घातली, मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. आता कळलं, आता कळलं, असं सोभानच्या मनात झालं. पण लसानं मान खाली घातली आणि तो पुढे विणायला लागला.

तिसरी ओळ. चौथी. नंतर सोभाननं मोजणं सोडलं. दोन हिवाळे ज्या शालीला डोळ्यांत तेल घालून जपलं, तिच्या काळजात नासका रंग ओळीओळीनं चढत होता. त्याची बोटं फेरनच्या आत आपोआप हलायला लागली, म्हणून त्यानं एका हातानं दुसऱ्याचा अंगठा गच्च आवळून धरला. खोकावं का? पण नेमकं तेव्हाच खोकला तर ख्वाजा काय समजायचं ते समजेल. त्याला पाळण्यातलं मूल आठवलं. कादिर आठवला. स्वतःची लाज वाटली, इतकी की कानशिलं तापली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, आणि भीतीपेक्षाही मोठं होतं ते दिव्याभोवतीचं कडं.

“काय रे सोभान,” दरोगा जांभई देत म्हणाला, “आता बायको देखणी की कुरूप, तुला सारखीच.”

सोभान हसला. तोंडानं हसला, डोळ्यांनी नाही. ख्वाजा त्याच्याकडे बघतच होता.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर चढलं तेव्हा ख्वाजा उठला. मागाशी गेला, कोयरीवरून बोट फिरवलं आणि सुस्कारा सोडला.

“मारा शिक्का,” तो म्हणाला. “आंधळाच आहे. काड्या मीच बदलल्या होत्या. डोळे असलेला शालबाफ मरेल, पण हे बघत गप्प बसणार नाही.”

महद उस्तादाचा सूर मध्येच तुटला. दरोग्याला मात्र एकदम जाग आली. त्यानं वाकून शाल पाहिली, मग लसाला पाहिलं.

“आंधळ्याला दिसलं नाही, ठीक आहे. आणि हा? याला तर डोळे आहेत ना?”

“काड्या मी बदलल्या, दरोगासाहेब. चार बोटं उसवून घेऊ,” ख्वाजा म्हणाला. पण तेही वाद घालायला म्हणून नव्हे, रीत म्हणून.

“बदलल्या तुम्ही, विणलं यानं. एवढा वेळ विणत बसला. उद्या खराच घोटाळा झाला तर कचेरीनं मलाच विचारायचं. दिवसा तुमच्या मागावर बसेल, तुमचं काम अडत नाही. रात्री आमच्याकडे. बर्फ वितळेपर्यंत.”

ख्वाजाच्या जपमाळेचे दोन मणी पुढे सरकले. “जशी मर्जी,” तो म्हणाला.

सोभाननं हात पुढे केला. ओला, गार शिक्का तळहातावर बसला. बोलायला अजून वेळ होता. शिक्का वाळेपर्यंत वेळ होता, दरोगा शाईची डबी मिटेपर्यंत वेळ होता. तो शिक्क्यावर फुंकर घालत उभा राहिला.

“लालांना खाली सोडून येतो,” लसा म्हणाला. “पाय भाजलाय त्यांचा.” दरोग्याच्या शिपायानं मान हलवली आणि तो जोडे घालायला थांबला.

जिन्यात अंधार होता. लसानं नेहमीसारखा त्याचा हात धरला होता. फोड फुटून बोटं चिकट झाली होती. चार पायऱ्या उतरल्यावर तो अगदी हळू म्हणाला, “दुसऱ्याच ओळीला कळलं मला.”

सोभान थांबला.

“थांबू नका, चला. मान वर करून पाहिलं तर ख्वाजा शालीकडे बघतच नव्हता, तुमच्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, मी आत्ता ओरडलो तर तुमची परीक्षा अर्धीच राहील. उद्या तो दुसरं काहीतरी काढेल. म्हणून विणत राहिलो.”

“लसा, तुला कधीपासून…”

“उन्हाळ्यापासून. माझा तळवा कापला होता, आठवतं? मी हात पुढे केला आणि तुम्ही जखम सोडून मनगट धरलंत. आंधळा असं धरत नाही, लाला.” तो थोडा हसल्यासारखा वाटला. “म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. एकाचे तरी डोळे राहू देत.”

मी वर जातो, सांगतो सगळं, हे शब्द सोभानच्या जिभेवर होते. त्यानं ते उच्चारलेसुद्धा, पण इतके हळू की ते सांगण्यासाठी होते की न ऐकू येण्यासाठी, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

“आता सांगून काय, दोघेही आत जाऊ,” लसा म्हणाला. “मला वाटलं होतं नुसते ओरडतील. कोठडीचं डोक्यातच आलं नाही. तुमच्या आलं असेल, तुम्ही हुशार.” मग थोडं थांबून, “शेवटपर्यंत मला वाटत होतं तुम्ही बोलाल. बरं झालं बोलला नाहीत.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोभानला बरं वाटलं असतं.

वरून जोडे वाजत आले. शिपायानं लसाचा दंड धरला आणि दाराबाहेर पडताच त्याला उजवीकडे वळवलं, कोठडीच्या वाटेला. डावीकडे घाट होता. घाटाला नाव लागली होती आणि नावेत वळकटीवर फाजी बसली होती. सोभान काठी आपटत डावीकडे निघाला. नदीवर धोबी शाली पिळत होते, पाण्यात रंग सुटत होते, पलीकडच्या डोंगरावर नवं बर्फ दिसत होतं. त्याला सगळं लख्ख दिसत होतं.

“लाला,” मागून लसाचा आवाज आला, मोठ्यानं, शिपायाला ऐकू जाईल असा. “पायरी. सांभाळून.”

पायरी समोरच होती, शेवाळलेली, काठाला फुटलेली. सोभाननं काठीनं ती चाचपली. मग भाजलेला पाय पुढे करून बोटांनी चाचपली, आणि उतरला.

नावाड्यानं त्याला हात देऊन आत घेतलं. फाजीनं त्याचा तळहात उघडून शिक्का पाहिला आणि मिटून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला. नाव काठापासून सुटली. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती.

“काठावरून ते कुणाला धरून नेतायत?” तिनं विचारलं. “आपला लसा तर नाही?”

नावाडीही वल्हं थांबवून तिकडे बघायला लागला. सोभाननं मान वळवली नाही. तो नदीकडे कान करून बसला होता.

“मला काय दिसतंय,” तो म्हणाला.